कापसाचं गाव आणि कापडाचं गाव

इंग्लंडला जाऊन आले म्हटलं की लोकांचे प्रश्न ठरलेले. राजवाडा पाहिला का? तो घड्याळाचा मनोरा पाहिला का? पाहिला हो. दोन दिवसांत लंडनचं जेवढं पाहता येतं तेवढं पाहिलं. पण २०२३च्या उन्हाळ्यातले बाकीचे पाच आठवडे आम्ही दोघं मँचेस्टरला होतो, लेकाकडे. आणि मला विचाराल तर यवतमाळच्या माणसाने इंग्लंडात एकच गाव पाहायचं ठरवलं तर ते मँचेस्टरच असावं. लंडनने आपल्यावर राज्य केलं हे सगळ्या पुस्तकांत असतं. मँचेस्टरने आपल्या वावरात काय पेरायचं ते ठरवलं, हे मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं. त्या दोन ओळी मी शाळेत कित्येक वर्षं शिकवल्या. या वेळी त्यांच्यामागचं गाव पायांनी फिरून पाहिलं.

माझे वडील यवतमाळात एका जिनात मापाडी होते. त्यामुळे कापूस म्हणजे माझ्यासाठी फक्त पीक नव्हतं. हिवाळ्यात पहाटेपासून बंड्यांची रांग लागायची, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कापसाच्या ढिगाचा तो कोमट वास, आणि संध्याकाळी घरी आलेल्या बाबांच्या भुवयांवर अडकलेली रुई. आई दारातच त्यांना थांबवायची आणि पदराने झटकायची. आमच्या पिढीतल्या यवतमाळकरांना जिनाचा भोंगा घड्याळासारखा होता. शाळेची घंटा त्यानंतर.

तर मँचेस्टर. माझा वाटाड्या बारा वर्षांचा नातू. मराठी बोलतो, पण 'ळ' म्हणताना त्याची जीभ अजून अडखळते, म्हणून यवतमाळचं त्याने 'यवतमाल' करून टाकलं आहे. (गंमत म्हणजे जुन्या गॅझेटियरात गावाच्या नावाची फोड 'यवत' आणि 'महाल' अशीच दिली आहे! यवत-लोहारा हा जुना परगणा. तेव्हा नातवाला मी फार रागावत नाही.)

पहिल्या दिवशी गेलो ते लिव्हरपूल रोडवरच्या रेल्वे स्टेशनात. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे सुरू झाली, तिचं हे मँचेस्टरकडचं टोक. प्रवाशांसाठी बांधलेल्या स्टेशनांपैकी जगात आज उभं असलेलं हे सर्वांत जुनं. १८४४मध्येच प्रवासी दुसऱ्या स्टेशनाकडे वळले, आणि आता ही जागा विज्ञान आणि उद्योगाच्या संग्रहालयात आहे. इमारत दिसायला अगदी साधी, एखाद्या सावकाराच्या दुमजली घरासारखी. खरी पाहण्यासारखी वस्तू म्हणजे रुळांपलीकडचं त्याच सालचं गोदाम. लिव्हरपूलच्या बंदरात उतरलेल्या कापसाच्या गठाणी इथे यायच्या. ते गोदाम पाहून आमचे 'हे' म्हणाले, "हे तर आपल्या जिनातलं गोदाम!" खरंच तसंच. जाड भिंती, लहान खिडक्या, वर गठाण ओढून घ्यायची सोय. मला वाटतं, ज्यांनी हे बांधलं त्यांच्याच नातवंडा-पतवंडांनी आपल्याकडे येऊन तसलंच बांधलं असणार.

संग्रहालयात कापडाचं एक मोठं दालन आहे. तिथे पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची यंत्रं ठेवली आहेत आणि ठरावीक वेळी ती चालवून दाखवतात. एक माग सुरू झाला आणि मी कानांवर हात ठेवले. एकाच मागाचा हा आवाज, तर अशा शेकडो मागांच्या दालनात दहा-दहा तास उभ्या असलेल्या बायकांचं काय होत असेल? त्या बायका एकमेकींच्या ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखायच्या. तिथे एका टोपलीत कच्चा कापूस होता, मुलांनी हात लावून पाहावा म्हणून. नातवाने लावला. मग मी चिमटीत घेतला आणि दोन्ही अंगठ्यांनी ओढून धागा किती लांब येतो ते पाहिलं. बाबा असंच पाहायचे. तिथली बाई कौतुकाने बघत राहिली. मी तिला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझं गाव कापसाचं आहे. ती हसून म्हणाली, आमचंसुद्धा! मनात म्हटलं, नाही गं बाई, तुमचं गाव कापडाचं. तुमच्याकडे कापसाचं एक झाडही उगवत नाही.

आणि हीच तर सगळी गोष्ट आहे. ज्या मुलखात पऱ्हाटी उगवत नाही तिथे जगातली सर्वांत मोठी कापडाची बाजारपेठ उभी राहिली. कच्चा माल यायचा बाहेरून, आणि १८६०च्या सुमाराला त्यातला पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून, गुलामांनी वेचलेला. एका देशावर इतकं अवलंबून राहणं धोक्याचं आहे हे गिरणीवाल्यांना कळत होतं. म्हणून १८५७मध्येच मँचेस्टरात कापूस पुरवठ्यासाठी एक संस्था निघाली आणि तिची नजर हिंदुस्थानावर होती. आपला वऱ्हाड त्याआधी चारच वर्षं, १८५३मध्ये, निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलेला. कारण दिलं होतं फौजेच्या थकलेल्या खर्चाचं. कर्जापोटी गहाण पडलेल्या शेतांच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो. इथे आख्खा प्रांतच गहाण पडला, आणि १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा इंग्रजांकडे गेला.

मँचेस्टरात गावाच्या मध्यभागी अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. आधी मला कळेना, हा इथे कशाला? चौथऱ्यावरचा मजकूर नातवाने वाचून दाखवला. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. गिरण्या बंद पडल्या. १८६२च्या अखेरीला त्या भागात सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने लिंकनला पत्र पाठवलं की गुलामगिरीविरुद्ध आम्ही तुमच्या बाजूने आहोत. लिंकनने जानेवारी १८६३मध्ये उत्तर दिलं, त्यातलाच भाग तिथे कोरला आहे. स्वतःच्या चुली थंड असताना कधी न पाहिलेल्या गुलामांची बाजू घेणारी ही माणसं! मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसले. इतक्या वेळा यादवी युद्ध शिकवलं, पण ही सभा कधी शिकवायला मिळाली नाही. कुठल्याही पुस्तकात द्यावी अशी आहे.

पण बसल्या बसल्या दुसरंही आठवत होतंच. लँकेशायरची भूक भागवायला जो कापूस निघाला तो आपल्याकडून. मुंबईत कापसाचे भाव चढले, त्या पैशातून शेअरांचं वेड लागलं आणि १८६५मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. हिंदुस्थानातल्या सगळ्या कापसाला तिकडे 'सुरत' म्हणत आणि त्याला नावं ठेवत. आखूड धागा, वर त्यात कचरा. देवा कापूस दे, पण सुरतेचा नको, अशी प्रार्थना एका गिरणी कामगाराने केल्याची गोष्ट तिकडे अजून सांगतात. पुढे आपल्या भागातल्या कापसाला बाजारात 'ऊमरा' हे नाव पडलं, अमरावतीच्या 'उमरावती'वरून. म्हणजे लिव्हरपूलच्या दलालाच्या तोंडी रोज अमरावतीचं नाव, आणि अमरावती कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल-नसेल.

युद्ध संपलं म्हणून इंग्रज थांबले नाहीत. १८६०च्या दशकातच वऱ्हाड आणि मध्य प्रांतासाठी खास कापूस कमिशनर नेमला गेला, रिव्हेट-कार्नॅक हे त्याचं नाव. चांगलं बी कुठलं, भेसळ कशी थांबवायची, गठाण घट्ट कशी बांधायची, हे पाहणं त्याचं काम. 'बनी' हा आपला लांब धाग्याचा, नाजूक कापूस. 'जरी' आखूड धाग्याची, पण लवकर येणारी आणि जास्त पिकणारी. साहेबाला बनी हवी होती. शेतकऱ्याने हिशोब केला आणि जरी पेरली. बाबा म्हणायचे, "वजनावर पैसा मिळते तर माणूस वजन पेरन." ह्या एका वाक्यात त्यांनी कापूस कमिशनरच्या खात्याचा निकाल लावला!

१८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १८७०मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एका कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जायचा, तिथून पुढे गंगेतून. हे बैल लमाणांचे. शेकडो बैलांचे तांडे, बायका-पोरांसकट, महिनोन्‌महिने चालणारे. रेल्वे आली आणि ह्या लोकांचा धंदा एका पिढीत संपला. वर १८७१च्या कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायची वाट मोकळी झाली. ज्यांनी शतकभर दुसऱ्यांचा माल इमानाने वाहिला त्यांच्यावर संशय. माझ्या वर्गात तांड्यांवरची बरीच मुलं असायची आणि हा धडा आला की मी पुस्तक मिटून ठेवून हे सांगत असे. पुसदजवळच्या गहुली गावात याच समाजात वसंतराव नाईक जन्मले आणि १९६३पासून अकरा वर्षांहून जास्त काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले, हेही मग ओघाने यायचं. तेव्हा मागच्या बाकावरची मुलं ताठ बसायची.

आता यवतमाळबद्दल. आपलं गाव खरं तर इंग्रजांनीच मोठं केलेलं, हे बऱ्याच जणांना आवडत नाही, पण आहे तसं आहे. १८६४मध्ये या भागाचा वेगळा जिल्हा झाला, त्याला पुढे 'वणी' जिल्हा म्हणत. १९०५च्या फेररचनेत पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं. १९०१च्या खानेसुमारीत गावाची वस्ती जेमतेम साडेदहा हजार. ब्राउन आणि रसेल यांनी संपादित केलेलं १९०८चं जिल्हा गॅझेटियर मी निवृत्तीनंतर सावकाश वाचलं. त्या काळात इथे कापसाचा मोठा बाजार होता, जिन-प्रेस होत्या, पण रेल्वे नव्हती. गठाणी बंड्यांवर लादून धामणगावला न्याव्या लागत, २९ मैल. म्हणजे आजची आपली धामणगाव रोड ही सगळी कापसाने तुडवलेली वाट. एसटीतून जाताना कधी डोक्यात आलं होतं का?

मग आली आपली शकुंतला. १९१०च्या सुमाराला स्थापन झालेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही अडीच फुटी रुळांची गाडी. मुंबईची किलिक निक्सन ही तिची कारभारी कंपनी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, आणि मूर्तिजापूरहून पुढे अचलपूर ७६. वऱ्हाडातला कापूस मोठ्या लाइनीपर्यंत नेऊन सोडायचा, म्हणजे तो मुंबईला आणि मुंबईहून मँचेस्टरला जाईल, यासाठीच तिचा जन्म. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली बनलेलं, आणि बनलं कुठे? मँचेस्टरला! १९२३पासून ते १५ एप्रिल १९९४पर्यंत ते धावलं. मँचेस्टरने कापूस न्यायला इंजिन पाठवलं. कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या बंद झाल्या, तरी इंजिन बिचारं आमची माणसं वाहत राहिलं.

माझं आजोळ दारव्ह्याचं. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे यवतमाळ ते दारव्हा मोतीबाग. गाडीचा वेग इतका की चढावर पोरं उतरून बाजूने चालायची आणि पुन्हा चढायची. मागच्या वर्षांत तर माणसंच इतकी कमी उरली होती की गार्डच तिकिटं फाडायचा आणि इंजिन जोडायला-सोडायलाही तोच. डब्यात कोळशाची धूळ, कारंज्याकडची माणसं, कोंबड्या, सरकीच्या पेंडीची पोती. मामा म्हणायचा, शकुंतलेत बसलं की घाई हा शब्द विसरायचा. तिकीट मात्र एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. मजुरीला जाणाऱ्या बायकांना दुसरी गाडी परवडतच नव्हती, आणि गाडी बंद झाल्याचं खरं दुःख त्यांचं होतं. आमच्यासारख्यांचं दुःख आठवणींचं.

एक गोष्ट इथे सांगून टाकते, कारण भाचरं दर वर्षी तो निरोप मोबाइलवर पाठवतात: "भारतातली एकमेव रेल्वे जिचं भाडं अजून ब्रिटनला जातं!" बाळांनो, तसं नाही. १९५१-५२च्या सुमाराला रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही लाइन राहून गेली आणि सरकार कंपनीला करारानुसार पैसे देत राहिलं, हे खरं. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे गेली होती. पैसा मुंबईत जात होता, लंडनला नाही. राग यायचाच असेल तर तो अशासाठी यावा की दोघांच्या मध्ये रुळांची देखभाल कोणीच केली नाही. २०१६मध्ये मोठ्या रुळांसाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली. त्याच सुमाराला यवतमाळची गाडी थांबली, ती थांबलीच.

मँचेस्टरचं रॉयल एक्सचेंज मात्र विसरता येत नाही. एकेकाळी हजारो दलाल आणि गिरणीवाले ज्या एका दिवाणखान्यात उभे राहून सौदे करायचे तो हा. छत इतकं उंच की वर बघताना टोपी पडावी. १९६८मध्ये सौदे कायमचे बंद झाले आणि १९७६पासून त्या दिवाणखान्याच्या मधोमध काचा आणि लोखंडाचं एक नाट्यगृह बसवलं आहे, एखादं यान उतरल्यासारखं. पण भिंतीवर उंच जागी भावांचा फळा तसाच ठेवला आहे. शेवटच्या दिवशीचे आकडे अजून त्यावर आहेत. मी मान वर करून अमरावतीचं नाव शोधत होते, पण माझ्या चष्म्याला ती अक्षरं लागेनात. बाबांच्या जिनातही असाच एक काळा फळा होता. रोज सकाळी मुंबईचा भाव आला की मुनीम खडूने लिहायचा आणि सगळ्या बंडीवाल्यांच्या माना अशाच वर व्हायच्या. भाव ठरायचा कुठे, हे त्यातल्या कोणाला माहीत होतं? मुंबईचा भाव लिव्हरपूलकडे बघायचा. आणि लिव्हरपूल ह्या फळ्याकडे. मुकुटबनचा, घाटंजीचा शेतकरी रात्रभर बंडी हाकत यायचा तो ह्या आकड्यासाठी.

फ्री ट्रेड हॉल आता हॉटेल झालं आहे. तो ज्या मैदानावर बांधला तिथेच १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताचा हक्क मागायला जमलेल्या साठ हजारांच्या सभेवर घोडेस्वार घातले होते. अठराच्या आसपास माणसं गेली. गोल पायऱ्यांचं स्मारक २०१९मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी, झालं. त्यावर मेलेल्यांची नावं आहेत आणि ती माणसं ज्या गावांहून चालत आली त्या गावांचीही. हे मला फार आवडलं. जॉन रायलँड्स ग्रंथालयही पाहिलं. कापडाच्या व्यापारात अफाट पैसा मिळवलेल्या नवऱ्याच्या आठवणीसाठी बायकोने बांधलेलं, १९००मध्ये लोकांसाठी उघडलेलं. चर्चसारखं गंभीर, आणि वाचायला बसलेली पोरं चिडीचूप. नगरभवन तेवढं दुरुस्तीसाठी बंद होतं, ते राहिलं.

स्टाइलची क्वारी बँक गिरणी गावाबाहेर आहे, १७८४ची. तिथे अनाथ मुलांना कामाला ठेवायचे ते घर दाखवतात. नऊ-दहा वर्षांची पोरं, एका पलंगावर दोघं-दोघं. नातू एकदम गप्प झाला. मी त्याला सांगितलं की आपल्याकडे बीटी कापसाच्या बियाण्याच्या शेतात आणि वेचणीला शाळा बुडवून जाणारी मुलं मी हजेरीपटावर पाहिली आहेत. नोव्हेंबरात वर्ग अर्धा रिकामा. लाल शाईने गैरहजर लिहिताना प्रत्येक वेळी माहीत असायचं की पोर कुठल्या वावरात आहे.

मँचेस्टरच्या कॅथेड्रलबाहेर गांधीजींचा पुतळा आहे, नोव्हेंबर २०१९मध्ये बसवलेला. घडवला कोणी, तर धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी! हे वाचल्यावर आमच्या 'ह्यां'नी पुतळ्यालाच नमस्कार केला, बापूजींना की सुतारांना ते विचारू नका. सप्टेंबर १९३१मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला गेले होते. त्यांच्या बहिष्कारामुळे ज्यांचा रोजगार बुडाला त्याच कामगारांकडे. कामगारांनी त्यांचं ऐकून घेतलं. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती गर्दी करून हसताहेत असा फोटो प्रसिद्धच आहे. त्याच्या वर्षभर आधी, १० जुलै १९३०ला, आपल्या पुसदला बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला होता आणि अटक करून घेतली होती. वणीत जन्मलेले, यवतमाळात वकिली करणारे अणे. यवतमाळहून निघालेल्या त्यांच्या पत्राला 'लोकमत' हे नाव टिळकांनी दिलं होतं. डार्वेनला त्या भेटीची आठवण जपली आहे. पुसदला ती नेमकी जागा दाखवा म्हटलं तर किती जण दाखवतील?

परत आल्यावर थंडीत मी माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांना घेऊन आपलंच गाव तसं फिरले, हातात गॅझेटियरची झेरॉक्स. शकुंतलेच्या स्टेशनापासून सुरुवात केली. रूळ बाभळींत आणि रायमुनियात हरवलेले. तिथून जुन्या जिनांच्या बाजूने. एका जिनाच्या जागी मंगल कार्यालय, एकाचे प्लॉट पडलेले, एकाची चिमणी तेवढी उभी, तिच्यावर पिंपळ. मँचेस्टरच्या अँकोट्स भागातल्या गिरण्यांचेही फ्लॅट झालेच आहेत, तेव्हा नुसतं जुनं गेलं म्हणून मी रडणार नाही. पण तिथे प्रत्येक भिंतीवर एक पाटी आहे: ही गिरणी कधीची, कोणाची, इथे किती माणसं राबली. आपल्याकडे एकही पाटी नाही. कचेरी, तुरुंग, पोस्टाचं मैदान (आता समता मैदान), सगळीकडे फिरलो. पोरं म्हणाली, बाई, आम्ही रोज इथून जातो.

कापूस मात्र संपलेला नाही, हाच मँचेस्टरमधला आणि आपल्यातला फरक. त्यांचं कापडाचं प्रकरण इतिहासजमा होऊन दालनात बसलं. आपलं अजून वावरात उभं आहे. पहिल्या वेचणीला अजून सीतादही करतात, बायका अजून कमरेला ओटी बांधून वाकतात. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने बायको आणि चार लेकरांसह जीव दिला, वर्धेकडे पवनारजवळच्या दत्तपूरला जाऊन. त्याआधी चिठ्ठी लिहून. २०१७च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, त्यात वाऱ्याकडे तोंड करून फवारणारा मजूर. ह्या माणसांची नावं पीटरलूच्या पायऱ्यांसारखी कुठे कोरली जाणार आहेत? त्यांच्या गावांची?

२८ फेब्रुवारी २०२४ला वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठ्या रुळांची नवी गाडी सुरू झाली. ती पुढे यवतमाळवरून नांदेडला जायची आहे. छान झालं. मी जगले-वाचले तर कळंबच्या चिंतामणीला रेल्वेने जाईन. पण त्यासाठी शकुंतलेचं स्टेशन जमीनदोस्त करायची गरज नाही. एक डबा, एक सिग्नल, एक पाटी राहू द्या, एवढंच आम्ही काही निवृत्त मंडळी अर्ज-विनंत्यांतून मागतो आहोत.

अर्जासोबत जोडायला कागद हवे आहेत. नातेवाईक मंडळी, आणि ब्लॉगवरची मित्रमंडळी, तुम्ही सुद्धा माळ्यावरच्या पेट्या उघडा. शकुंतलेचं पुठ्ठ्याचं तिकीट, जिनाची पावती, मापाची चिठ्ठी, आजोबांचा स्टेशनासमोरचा फोटो, जे असेल ते. कारंज्याच्या मावशी, तुमच्याकडे मामंजींची मालधक्क्यावरची वही होती असं आई सांगायची. ती सापडली तर मूळ वही पाठवू नका, पोस्टात जाईल. तिचे मोबाइलवर फोटो काढून पाठवा, पान सरळ ठेवून, उजेडात.